अमेरिकेत .३०८ विंचेस्टर शिकारी रायफलसाठी घरी काडतुसं भरायला शिकतोय. अचूक लोड (पावडर आणि बुलेटचा नेमका जुळणारा मेळ) कसा शोधू?

रीलोडिंग मॅन्युअलमधल्या (काडतुसं भरण्याच्या पुस्तिकेतल्या) सगळ्यात कमी चार्जपासून, म्हणजे पावडरच्या वजनापासून, सुरू करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. त्यातले आकडे दाब मोजून काढलेले असतात, म्हणून बुलेट, पावडर, प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) शक्यतो त्यात दिलेलेच घ्या. तिथून ०.३ ग्रेनच्या पायऱ्यांनी वर जा (१ ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम), प्रत्येक पायरीची ३ काडतुसं, १०० यार्डांवर. लागोपाठच्या दोन-तीन पायऱ्यांचे गट निशाणावर एकाच उंचीला पडले की मधली पायरी धरा, मग ५-५ गोळ्यांनी खात्री करा. ३ गोळ्यांचा सुंदर गट निव्वळ योगायोगानेही पडतो, त्यावर भाळू नका. बुलेट बसवायची खोली त्यानंतर बदला.

नवशिक्यांची खरी चूक केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) होते. साइझिंग केल्यावर (वापरलेली केस दाबून पुन्हा मापात आणल्यावर) ती लांबते, त्यामुळे प्रत्येक केस कॅलिपरने मोजा. २.०१५ इंचांच्या वर गेली तर २.००५ वर ट्रिम करा. लांब केसचं तोंड चेंबरमध्ये (रायफलमधल्या काडतुसाच्या जागेत) दाबलं जातं, बुलेट सहज सुटत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. पावडर घातल्यावर केस ट्रेमध्ये उभ्या ठेवून टॉर्चने प्रत्येकीत पातळी पाहा, मगच बुलेट बसवा. बोल्ट उचलायला जड गेला किंवा प्रायमर चपटा दिसला तर तिथेच थांबा. वरच्या चार्जची काडतुसं झाडू नका, बुलेट पुलरने उकला.

हे फक्त तिथल्यासाठी. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.