ओसीडीवर मानसोपचारतज्ज्ञ नेमके कसे उपचार करतात? नुसत्या गोळ्याच देतात का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे मंत्रचळ) असल्याचं निदान झालं, डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्याभराने या म्हणाले. याला उपचार म्हणायचं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, या आजाराचे पेशंट जवळजवळ रोज बघते. गोळ्या हा उपचाराचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा जास्त कष्टाचा असतो आणि त्यात तुमचंही काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

या आजारात नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची भीती घालवायला माणूस तीच तीच कृती करत राहतो. मंत्रचळ म्हटलं की लोकांना सारखे हात धुणारा माणूस आठवतो. पण बरेच पेशंट मनातलं खरं काय ते सांगतच नाहीत. आपल्या हातून बाळाला इजा होईल या भीतीने घरातल्या सगळ्या सुऱ्या कुलपात ठेवणारी आई असते. प्रार्थना करताना मनात घाणेरडे शब्द येतात म्हणून आतल्या आत शंभरदा माफी मागणारा मुलगा असतो. असे विचार येतात म्हणजे आपण मुळात वाईटच, अशी त्यांची खात्री झालेली असते. म्हणून मी वाट न बघता स्वतःच विचारते, "नको असलेले, स्वतःचीच किळस वाटावी असे विचार येतात का? पुष्कळांना येतात." बऱ्याचदा यावर काही क्षण कोणी बोलत नाही, मग एकदम रडू फुटतं. त्या आईला त्या विचाराने धडकी भरते, त्यातच हा ओसीडी आहे हे दिसतं. तिची तशी इच्छा नसते.

मग आजार किती आहे ते मोजतो. १९८९ साली प्रसिद्ध झालेली येल-ब्राउन नावाची प्रश्नावली त्यासाठी वापरतात. १० प्रश्न, एकूण गुण ४०. दिवसातला किती वेळ यात जातो, रोखायचा प्रयत्न केला तर जमतो का, अशा स्वरूपाचे प्रश्न. याचा खरा उपयोग तीन महिन्यांनी होतो. पेशंट म्हणतो, "काहीच फरक नाही," आणि कागदावर २८ चे १९ झालेले असतात.

आता गोळ्या. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन, एस्सिटॅलोप्राम ही नैराश्यात देतात तीच औषधं, पण हिशेब वेगळा. ओसीडीत डोस बहुधा जास्त लागतो. सर्ट्रालिन गरजेप्रमाणे २०० मिलिग्रॅमपर्यंत न्यावं लागतं. आणि पुरेशा डोसवर १० ते १२ आठवडे थांबल्याशिवाय औषध चाललं नाही असं म्हणता येत नाही. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. बरेच जण नेमकी तेव्हाच गोळी सोडतात, कारण हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं. बहिणीचं वय २५ च्या आत असेल तर सुरुवातीचे काही आठवडे तिच्या मनःस्थितीवर लक्ष ठेवा. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. बरं वाटल्यावरही औषध निदान एक-दोन वर्षं चालू ठेवतो आणि हळूहळू कमी करतो. एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड होते, आजारही उलटू शकतो.

एका औषधाने भागलं नाही तर दुसरं, मग क्लोमिप्रामिन. हे जुनं आणि प्रभावी आहे, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, हृदयाची पट्टीही काढून बघावी लागते. कधी जोडीला रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोलचा छोटा डोस देतो. ही औषधं स्किझोफ्रेनियातही देतात, त्यामुळे नाव इंटरनेटवर शोधून घरचे घाबरतात. तिला स्किझोफ्रेनिया झालाय असा त्याचा अर्थ नसतो. मेंदूला चुंबकीय उत्तेजन देणं, फारच क्वचित शस्त्रक्रिया, हे उपाय वरचं सगळं करूनही गुण न आलेल्या थोड्यांसाठी.

उरलेला अर्धा भाग म्हणजे ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) ही थेरपी. भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचे पहिले अनुभव मांडले. ऐकायला सोपी वाटते. माझ्यासमोर एकाने दाराच्या कडीला हात लावला आणि न धुता खुर्चीत बसला. पहिली दहा मिनिटं तो हात अंगापासून लांब, बोटं फाकलेली, जणू दुसऱ्याच कोणाचा. डोळे घड्याळावर. अर्ध्या तासाने कामाच्या ठिकाणचं काहीतरी सांगता सांगता त्याचं लक्ष गेलं, हात मांडीवर टेकलेला होता. असं रोज, आधी सोप्या गोष्टींवर, मग अवघड. भीती पूर्ण गेली पाहिजे असा हट्ट नसतो. ती असतानाही बसता येतं, हे अंगवळणी पडावं लागतं.

ओपीडीत एवढा वेळ मिळत नाही, त्यामुळे हे काम बहुतेकदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. तिथे ईआरपीच करतात का, हे स्पष्ट विचारा. "काही होणार नाही" अशी समजूत घालणाऱ्या गप्पांनी या आजारात फायदा होत नाही.

आणि हेच घरीही होत असतं. ती विचारते, "गॅस नीट बंद केलाय ना?" तुम्ही मायेने म्हणता, "हो गं, केलाय." पाच मिनिटं बरी जातात, मग पुन्हा तोच प्रश्न. प्रत्येक 'हो' आजाराला खतपाणी घालतो. पण उद्यापासून एकदम उत्तर देणं थांबवू नका, ती शिक्षा वाटेल. तिच्याशी आणि थेरपिस्टशी बोलून आधी ठरवा. मग म्हणा, "हा ओसीडीचा प्रश्न आहे, आपलं ठरलंय ना, याचं उत्तर मी देणार नाही. पण मी इथेच आहे तुझ्याजवळ." आणि खरंच बसा.

पुढच्या भेटीला तिची हरकत नसेल तर सोबत जा. डोस कुठपर्यंत न्यायचाय, ईआरपीसाठी कोणाकडे जायचं आणि घरच्यांनी आधी कोणत्या गोष्टीत साथ देणं थांबवायचं, एवढं डॉक्टरांना विचारा.