मध्यंतरात उठून आलेल्या पोराला

बाबू,

तुझा मेसेज रात्री वाचला अन् मग झोप काही लागली नाही. मुंबईत पहिल्यांदा बॅले पाहायला गेला, दोन हजाराचं तिकीट काढलं, अन् मध्यंतरात उठून रूमवर परत आला. वरून लिहून राहिला की काका, सुंदर होतं पण मला काही कळलं नाही, लोक सगळे वेगळेच होते, आपल्यासाठी नसते ते बहुतेक. आधी शिकून घेतो थोडं, मग पुढच्या वेळी पाहू.

कळलं का नाही कळलं ते राहू दे गा. तू उठला काहून ते सांग.

आपण झाडीपट्टीचे, पूर्व विदर्भातले लोक आहो. दिवाळी झाली की गावोगावी मंडईची जत्रा, दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे खेळ, अन् वडसा गावच्या कंपन्यांची नाटकं. रात्री दहा-अकराला पडदा उघडते ते पहाटेपर्यंत चालते. माझी आई अंगठाबहाद्दर होती, पण घोंगडी पांघरून तणसावर बसायची ती कोंबडा आरवेपर्यंत. नाटक फसलं, नट वाक्य विसरला, हार्मोनियमवाला पेंगला, तरी उठायची नाही. घरी येऊन भांडायची त्या नाटकाशी, पण शेवट पाहून भांडायची. त्या मातीतला पोरगा तू, अन् तुला अडीच तासाची खुर्ची पेलवली नाही? गादीची खुर्ची, एसी हॉल!

रागावलो वाटत असेल तर हो, रागावलोच आहे. पण त्याचं कारण आहे, ते मी आजवर तुझ्या काकूलाही नीट सांगितलं नाही.

भिलाईला नोकरीत असताना 1984 च्या हिवाळ्यात आमची एक बॅच ट्रेनिंगसाठी रशियाला गेली होती. सुट्टीत मॉस्को पाहायला नेलं, अन् दुभाषी बाईनं खटपट करून बोल्शोई थिएटरची तिकिटं मिळवली. सगळ्यात वरच्या गॅलरीत, छताला हात लागेल असं वाटे. खाली सगळं लाल मखमल अन् सोनेरी नक्षी. दारातच कोट जमा करून घेतात, दुर्बीण भाड्यानं देतात, अन् दुर्बीण घेतली की निघताना कोटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, तिथलं जुनं वळण होतं ते. मी घेतली. पहिली घंटी, दुसरी, तिसरी, मग हळूहळू अंधार.

'जिझेल' नावाचं बॅले होतं. 1841 चं, पहिल्यांदा पॅरिसला झालं होतं, हे मला नंतर कळलं, त्या रात्री मला एवढंच दिसलं की खेड्यातली पोरगी आहे, द्राक्षाचा हंगाम आहे, नाचाची वेडी आहे, काळीज कमजोर आहे, अन् ज्याच्यावर जीव लावला तो शेतकऱ्याच्या कपड्यातला सरदार निघते, त्याचं लग्न आधीच दुसरीशी ठरलेलं. मग ती भर चौकात भ्रमिष्ट होते. केस सुटलेले, मघाशी जो नाच इतका आनंदात केला तोच आता अर्धा आठवून आठवून करते, मधेच थांबते, पायच विसरल्यासारखे, अन् मरते. एक शब्द नाही बाबू. अख्ख्या नाटकात एक शब्द नाही. भाषेची भीती कोणाला घालतो तू?

पडदा पडला, लाईट लागले. आमच्यातला एकजण म्हणाला, "चला, मेली ना हिरोईन, संपलं." सगळे उठले. दुभाषी बाई वेगळ्या रांगेत होती. मी पण उठलो.

आता तू म्हणशील, काका तुम्हीही उठलेच की. हो. पण मी 29 वर्षांचा होतो, परका देश, होस्टेलचं दार अकराला बंद व्हायचं, सोबतचे सगळे निघालेले, एकटा कसा थांबणार होतो? इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो अन् ते खोटं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. माझे डोळे भरून आले होते अन् लाईटात ते सोबत्यांना दिसू नये म्हणून मीच पहिले दाराकडे निघालो. कोटाजवळची म्हातारी बाई माझ्या हातातून दुर्बीण घेईना. आतल्या बाजूला बोट दाखवून काहीतरी बोलत होती. घंटी वाजत होती. मी दुर्बीण ठेवली अन् बर्फात निघून गेलो.

सकाळी नाश्त्याला दुभाषी बाई म्हणाली, तुम्ही अर्धंच पाहिलं. दुसरा अंक अख्खा बाकी होता! त्यात ती मेलेली पोरगी कबरीतून उठते. लग्नाआधी मेलेल्या पोरींच्या भुतांचा कळप असतो, पांढऱ्या कपड्यात, सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. अन् ही त्यालाच वाचवते, ज्यानं फसवलं त्याला, पहाट होईपर्यंत त्याच्या बदल्यात नाचत राहते, सकाळची घंटी होते अन् भुतांचा जोर संपते. पहाट, बाबू. आपल्या नाटकासारखी पहाट. मी तिच्या आधी उठलो.

त्यानंतर जिझेल मला समोरासमोर कधी भेटलं नाही. फोनवर दहादा पाहिलं असेल. मोबाईलमध्ये पांढरे ठिपके दिसतात फक्त.

म्हणून सांगतो, पडदा पडेपर्यंत उठू नको. झोप आली तर तिथंच झोप, पण उठू नको.

तू पाहून राहिला होता 'स्वान लेक'. ते मी ट्रेनिंगच्या शहरातल्या थिएटरात पाहिलं, पुढच्याच महिन्यात, अन् खुर्चीचे हात धरून बसलो. तू तलावापर्यंत पाहिलं म्हणतो, म्हणजे पांढरे हंस, हात गुंफून नाचणाऱ्या चार छोट्या पोरी, एवढंच. मध्यंतरानंतर जादूगाराची पोरगी काळ्या कपड्यात येते, राजपुत्राला फसवायला. अन् ती तीच नाचणारी असते! जिला तू पांढऱ्या पिसात लाजताना पाहिलं तीच. मग ती एका पायाच्या बोटावर 32 गिरक्या घेते, जागच्या जागी. 1895 ला पीटर्सबर्गला नवीन बसवलं तेव्हापासून ते चालत आलं आहे. मी फिटर माणूस, मी पायाकडे पाहत होतो. मोकळा पाय बाहेर फेकला की फेरा रुंद, आत ओढला की वेग वाढते, फ्लायव्हीलचाच हिशेब आहे. डोकं सगळ्यात शेवटी वळते अन् सगळ्यात आधी परत येते, नजर एका जागी ठोकून ठेवते म्हणून चक्कर येत नाही. बुटात मला वाटे लोखंडाची टोपी असेल. नसते. कापड, कागद अन् खळीचे थर वाळवून कडक केलेले असतात, मोठ्या भूमिकेत एका रात्रीत जोड बसून जाते. अन् आवाज येते बाबू, फळ्यांवर टक टक. संगीत थोडं हळू झालं की धाप पण ऐकू येते, अंगाला वजन आहे ते कळते. फोनमध्ये ते पोहोचत नाही. हे कळायला तुला कोणता कोर्स लागते?

लोक वेगळे होते म्हणतो. असतील, पण अंधारात कोण पाहते तुझ्या चपलेकडे? शिकून जाईन म्हणतो. मग आधी शेवट पाहा, मग शीक. मी पुस्तकं आणली, संगीताच्या कॅसेटा आणल्या, रशियन अक्षरं शिकलो, त्यानं माझा गेलेला अंक आला का परत?

तुझ्या बाबाला मी काही सांगितलं नाही. पैसे वाया घालवले असं तोही म्हणेल, मी तसं म्हणणार नाही, तू गेला ह्याचाच मला इतका आनंद झाला होता की काकूला दोनदा चहा करायला लावला.

जिझेल कुठं लागलं तर तारीख कळव फक्त, मुंबई असो का कुठं. विदर्भ एक्सप्रेसचं माझं तिकीट मी गोंदियाहून काढतो. गुडघे दुखतात पण येईन. दोन सीट घे, कडेच्या नको, रांगेच्या मधोमध घे, उठायचं म्हटलं तर दहा माणसांचे पाय ओलांडावे लागतील अशा.

तुझा काका