वाचकांचे प्रश्न : एकेरी मार्ग आणि छोटे स्टेशन

प्रश्न : शाखा मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनातून गाडी न थांबता जात असताना कर्मचाऱ्याने वेताची मोठी कडी उंच धरली आणि इंजिनातल्या ड्रायव्हरने हात बाहेर काढून ती अडकवून घेतली. ही कडी कशासाठी असते? दोन स्टेशनांमध्ये फोन असताना हा खटाटोप कशाला?

उत्तर : महत्त्व कडीला नाही, तिला बांधलेल्या चामडी पिशवीतल्या टोकनाला आहे. भारतात एकेरी मार्गांवर नील यांच्या पद्धतीचा धातूचा गोळा टोकन म्हणून दीर्घकाळ वापरात राहिला. तो कोणत्या दोन स्टेशनांदरम्यानचा आहे, हे त्याच्यावर कोरलेले असते. धावत्या गाडीतून तो हाती लागावा म्हणून कडी एवढी मोठी असते.

एकेरी मार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच रुळांवरून धावतात, म्हणून लगतच्या दोन स्टेशनांमधल्या ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. या दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र असते आणि ती तारेने एकमेकांशी जोडलेली असतात. गाडी सोडायची असेल तर स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनाकडे लाइन क्लियर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची संमती, मागतो. तिकडून यंत्राद्वारे संमती मिळाली तरच इकडच्या यंत्रातून टोकन निघते, आणि ते परत कोणत्याही एका यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरे टोकन निघू शकत नाही. टोकन हाती असणे म्हणजे समोरून कोणालाही तशीच परवानगी मिळालेली नाही, याची यंत्राने दिलेली हमी असते.

ही हमी निव्वळ निरोपाने मिळत नाही. इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळच्या थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ रोजी समोरची गाडी सोडण्याचा निरोप अधिकाऱ्याची सही होण्याआधीच तारेने गेला आणि दुसरी गाडी इकडून निघाली. चूक लक्षात येऊन निरोप रद्द करण्याची धावपळ झाली, पण तोवर समोरची गाडीही सुटलेली होती. दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि २५ माणसे दगावली. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये विद्युत टॅब्लेट यंत्राचे पेटंट घेतले; टॅब्लेट म्हणजे टोकन म्हणून वापरायची चकती. टोकनाची नंतरची यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात.

प्रश्न : अशी यंत्रे असताना माणसाच्या हातून चूक होऊच शकत नाही का?

उत्तर : होऊ शकते, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण एका खेड्यातल्या स्टेशनाचेच आहे. वेल्समधील ॲबरम्यूल येथे २६ जानेवारी १९२१ रोजी एक प्रवासी गाडी स्टेशनात आली. तिच्या ड्रायव्हरने मागच्या सेक्शनचे टॅब्लेट नियमाप्रमाणे सुपूर्द केले. ते एका शिकाऊ पोराच्या हातून बदली स्टेशन मास्तरकडे पोहोचले आणि मास्तरांनी, हे पुढच्या सेक्शनचेच असणार असे गृहीत धरून, ते त्याच ड्रायव्हरला परत दिले. त्याच्यावरचे नाव ना देणाऱ्याने वाचले, ना घेणाऱ्याने. गाडी ते घेऊन पुढे निघाली, आणि समोरून एक्स्प्रेस येत होती. तिच्याजवळचे टॅब्लेट अगदी योग्य होते. या टकरीत १७ जण मृत्युमुखी पडले.

मला या घटनेत व्यक्तींपेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा वाटतो. यंत्रे सिग्नल केबिनमध्ये नसून स्टेशनच्या इमारतीत होती आणि कोणीही येता-जाता ती हाताळत असे, त्यामुळे स्टेशनातल्या चौघा कर्मचाऱ्यांपैकी कोणालाच बाकीच्यांनी नेमके काय केले आहे याचा पत्ता नव्हता. लहान स्टेशनात माणसे कमी असतात आणि एकमेकांची कामे उरकण्याची सवय अंगवळणी पडते. म्हणूनच टोकनाचे काम एकाच्याच हाती ठेवण्याचा नियम तिथे सर्वांत काटेकोर हवा. टोकन काढल्याशिवाय गाडी सोडण्याचा सिग्नल पडूच नये अशी जोडणी यंत्र व सिग्नल यांच्यात करणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

प्रश्न : जिथे दिवसभरात मोजकेच प्रवासी चढतात-उतरतात, अशा स्टेशनाचे हॉल्ट (फक्त गाडी थांबण्याची जागा) करून कर्मचारी हलवले, तर काय बिघडते?

उत्तर : तिकिटांच्या हिशोबाने फारसे बिघडत नाही, प्रवाशांना फलाट मिळतो आणि गाडीही थांबते. मात्र त्यासोबत लूप लाइन, म्हणजे गाडी बाजूला घेण्याचा जादा मार्ग, काढून टाकली, तर दोन गाड्यांच्या क्रॉसिंगची जागा नाहीशी होते आणि दोन सेक्शनांचे एकच लांब सेक्शन होते. समजा, दोन्ही बाजूंचे सेक्शन पार करायला प्रत्येकी १५ मिनिटे लागत होती. आता पलीकडून गाडी सुटली की अलीकडच्या गाडीला ३० मिनिटे खोळंबावे लागेल. ही सुटेपर्यंत तिच्या पुढच्या क्रॉसिंगचीही वेळ टळलेली असेल, आणि तो उशीर समोरून येणाऱ्या गाड्यांच्याही माथी बसेल. अशा स्टेशनाचा उपयोग तिथल्या तिकीट खिडकीवरून ठरवणे मला साफ चुकीचे वाटते, कारण तिथे कधीही न उतरणाऱ्या प्रवाशांचे वेळापत्रकही त्या लूपवर अवलंबून असते.

याला अपवाद शाखेच्या टोकाचा. पुढे मार्गच नाही आणि त्या शेवटच्या तुकड्यावर एका वेळी एकच गाडी ये-जा करते, अशा ठिकाणी यंत्रांच्या जोडीचीही गरज नसते. त्या तुकड्यासाठी टोकन म्हणून एकच दांडा ठेवतात, तो ज्या ड्रायव्हरकडे असेल त्यानेच आत जायचे, आणि तिथला मधला लूप काढला तरी गाड्यांचा खोळंबा होत नाही.