क्राऊन-पिनियन : ४३/८ की ३९/८?

प्रश्न : माझ्याकडे महिंद्राची जुनी डिझेल जीप-पिकअप आहे. चार गिअर, टायर २१५/७५ आर १५. पाचगणीहून स्ट्रॉबेरी पुण्याला नेतो, येताना खताची पोती भरून आणतो. हायवेवर ७५ च्या पुढे इंजिन नुसतं बोंबलतं. मेकॅनिक म्हणतो, ‘४.१० चा क्राऊन-पिनियन टाका, डिझेलही वाचेल.’ टाकू का?

उत्तर : ४.१० टाकू नका. (क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या ॲक्सलमधली मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी. ४.१० हा तिचा रेशो : क्राऊनच्या एका फेरीला पिनियनच्या ४.१० फेऱ्या.) आधी हाउसिंगमध्ये, म्हणजे या जोडीच्या डब्यात, आत्ता काय बसलंय ते मोजा. एवढ्या जुन्या गाडीत कोणी काय बदललं असेल, भरवसा नाही.

गाडी सपाटीवर घ्या. पुढच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकने उचलून खाली स्टँड द्या आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागे पिनियनला येणारा दांडा) खडूची रेघ मारा. उचललेलं चाक १६ वेळा फिरवा, शाफ्टच्या फेऱ्या दुसऱ्याला मोजू द्या. ४३ भरल्या तर ४३/८ (क्राऊनचे दात ४३, पिनियनचे ८), म्हणजे ५.३८. ३९ भरल्या तर ३९/८, म्हणजे ४.८८. (दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्याने क्राऊन निम्म्याच फेऱ्या घेतो, म्हणून सोळाचे आठ.) युद्धकाळातल्या विलिस जीपला ३९/८ होता, पुढे सीजे-३बी जीपला ४३/८ आला.

आता हिशेब. ताशी ६० म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर. तुमच्या टायरची भरल्या गाडीखाली एक फेरी साधारण २.१५ मीटरची, म्हणजे चाकाच्या ४६५ फेऱ्या. चौथा गिअर सरळ १:१ धरला तर ५.३८ वर इंजिनाच्या २५०० फेऱ्या होतात, ४.८८ वर २२७०, ४.१० वर १९१०. ७५ ला हेच आकडे ३१२५, २८३५ आणि २३८५.

कागदावर ४.१० छान दिसतो. पण तुमचा खरा बोजा येताना आहे, आणि तेव्हाच खंबाटकी आणि पसरणी चढायची असते. ५.३८ वरून ४.१० वर गेलात की प्रत्येक गिअरमधली ओढ २४ टक्क्यांनी घटते. दुसऱ्यात निघणारं वळण पहिल्यात काढावं लागेल, आणि वळणावर थांबून पुन्हा निघताना क्लच जळेल. सपाटीलाही जरा चढ आला की तिसरा टाकावा लागेल. डिझेल वाचलं कुठे? भरल्या गाडीने पसरणी उतरताना इंजिनाचा ब्रेकही तेवढाच ढिला पडतो, ड्रम तापतात.

आत्ता ५.३८ असेल तर ४.८८ हा शहाणा तोडगा : ओढ फक्त ९ टक्के कमी, आणि ७५ ला इंजिन जेमतेम आत्ताच्या ६८ इतकं फिरेल. ४.८८ आधीपासूनच असेल तर पैसे घरात ठेवा. २३५/७५ आर १५ टायरनेही ५.३८ चा परिणाम ५.१६ च्या आसपास येतो, मात्र पूर्ण भरलेल्या गाडीत टायर मडगार्डला घासत नाही ना ते पाहा.

रेशो बदलला की स्पीडोमीटरचा गिअरही बदला. नाहीतर खरा वेग ६० असताना काटा ५४ दाखवेल. आणि गाडी फोर-व्हील असेल तर पुढच्या हाउसिंगलाही तोच रेशो हवा, नाहीतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) फुटेल.

प्रश्न : नवा क्राऊन-पिनियन बसवल्यापासून ५० च्या पुढे ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. ॲक्सिलरेटर सोडला की थांबतो. मेकॅनिक म्हणतो, चालवून चालवून बसेल.

उत्तर : बसणार नाही, दात खाईल. हाउसिंग उघडून आधी दोन्ही भागांवरचे कोरलेले जोडनंबर जुळतात का पाहा. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार होतात, वेगवेगळे चालत नाहीत. मग डायल गेज (बारीक मापाचं घड्याळ) लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढिलाई, मोजा. अशा हाउसिंगला साधारण ०.१३ ते ०.२० मिमी चालतो, नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. क्राऊनच्या दातांना मार्किंगचा रंग लावून थोडा रोध देत फिरवा. खूण दाताच्या माथ्याकडे आली तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, शिम (पिनियनमागच्या पातळ चकत्या) वाढवा. मुळाशी आली तर तो फार आत आहे, शिम कमी करा. एका वेळी ०.०५ मिमीपेक्षा जास्त बदल नको, आणि दर वेळी बॅकलॅश पुन्हा मोजा, कारण पिनियन हलला की तोही हलतो. पाय सोडल्यावरच आवाज आला असता तर आधी पिनियनचा नट आणि बेअरिंगचा ताण तपासायला सांगितलं असतं.

तेल जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइलच. पहिले २५ किमी रिकामी चालवून हाउसिंग थंड होऊ द्या, ८०० किमीपर्यंत बोजा नको, मग तेल बदला. निघालेल्या तेलात चंदेरी चमक दिसेल, ती चालते. बोटाला टोचणारे कण लागले तर गाडी पुन्हा जॅकवर.