‘हात शाबूत आहेत ना, पुन्हा कर’ हे बहिणीला का लागतं?

प्रश्न : माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात अल्टाडीनाला राहते, सिरॅमिकचं काम करते. जानेवारी २०२५ च्या आगीत घर आणि मागचा स्टुडिओ दोन्ही जळालं. आम्ही पुण्याहून फोनवर धीर देतो, की जीव वाचला, हात शाबूत आहेत, पुन्हा कर. ती फोन ठेवून देते. भांडी घडवायचं नवीन चाक घेऊन देतो म्हटलं, तर तेही नको. तिला डिप्रेशन आलंय का?

उत्तर : अशाच एका कलाकार बाईंची केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणांचे अनुभव त्यात एकत्र केले आहेत.

अल्टाडीना जाळणारी ही ईटन आग ७ जानेवारीच्या संध्याकाळी पेटली आणि नऊ हजारांवर इमारती घेऊन गेली. अल्टाडीनात बऱ्याच कलाकारांचा स्टुडिओ घरामागच्या गॅरेजमध्येच असायचा. त्यामुळे राहतं घर, कारखाना, गोदाम आणि दप्तर एकाच रात्रीत गेलं. नोकरदाराचं घर जळालं तरी सोमवारी जायला ऑफिस उरतं. यांना तेही उरलं नाही.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा आगीबद्दल सगळं कोरडेपणानं सांगत होत्या. रडू फुटलं ते विम्याच्या फॉर्ममधल्या ‘किंमत’ या रकान्यापाशी. घराच्या पॉलिसीत धंद्याच्या सामानाला बहुधा अडीच हजार डॉलरच्या आसपास मर्यादा असते, आणि न विकलेलं स्वतःचं काम त्या मर्यादेत ढकललं जातं. तिथल्या आयकरात तर कलाकाराला स्वतःच्या कामाची बाजारभावानं वजावट मिळतच नाही. मिळतो तो माती आणि ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) यांचा खर्च, तोही आधी खर्चात दाखवला नसेल तर. वीस वर्षांचं काम कागदावर मातीमोल होतं, अक्षरशः. अशा माणसाला ‘वस्तूच होत्या, पुन्हा होतील’ म्हटलं की त्याला त्या फॉर्मचीच भाषा ऐकू येते.

म्हणून आम्ही समजूत काढत बसलो नाही. एका कागदाचे चार भाग केले : झालेलं काम, हत्यारं, जागा, नोंदी. चारांचं दुःख वेगळं, इलाजही वेगळा. झालेलं काम परत येत नाही, तिथे फक्त सोबत करायची. हत्यारं पैशानं येतात, जागेला वेळ लागतो. फोन हातात घेऊन लगेच मिळवता येतात त्या नोंदी, म्हणून सुरुवात तिथून.

याद्या करताना बहुतेक जण शेवटच्या, न विकलेल्या मालापासून सुरू करतात आणि अर्ध्या तासात कोलमडतात. आम्ही उलट जातो. आधी जुनी, विकली गेलेली कामं घ्यायची, कारण ती कुणाच्या तरी घरात सुखरूप आहेत. एका बैठकीत एकच वर्ष आणि वीस मिनिटांचा गजर. टाइप दुसऱ्यानं करायचं, कलाकारानं फक्त बोलायचं. फोटो सापडतात ते इन्स्टाग्रामवर, गॅलरीला पाठवलेल्या जुन्या ईमेलमध्ये, प्रदर्शनाच्या माल-यादीत आणि गिऱ्हाइकांकडे. प्रत्येक कामापुढे नाव, वर्ष, माप, माध्यम आणि तशाच कामाची शेवटची विक्री-किंमत लिहायची. हाच कागद पुढे विम्याला, सरकारी मदतीला आणि अनुदानाच्या अर्जाला चालतो. घरगुती सामानाच्या यादीची मात्र घाई नव्हती. आणीबाणी जाहीर झालेल्या भागात घर पूर्ण जळालं असेल, तर त्या वेळच्या कॅलिफोर्नियाच्या नियमानं घराच्या विमा-रकमेच्या ३० टक्के, जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, यादीशिवाय मिळत होते. हे कळल्यावर बाई त्या रात्री झोपल्या. कधी कधी झोपेचं औषध असंही असतं.

बाईंना राख उपसायला जायचं होतं. नको म्हणणं चूक, एकटं जाऊ देणंही चूक. जुन्या घरांच्या राखेत शिसं आणि अ‍ॅस्बेस्टॉस असतं, सिरॅमिकवाल्यांकडे त्यात ग्लेझमधले मँगनीज, बेरियम यांची भर. एन-९५ किंवा पी-१०० मास्क, गॉगल, नायट्राइल हातमोज्यांवर चामड्याचे मोजे, जाड तळाचे बूट हवेत. ब्लोअर लावायचा नाही, पाण्याचा हलका फवारा मारून राख दाबायची. जायचं ते मलबा उचलणाऱ्या टोळीच्या आधी, नंतर काही उरत नाही. फायरप्रूफ तिजोरी पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायची नाही, आत हवा शिरताच कागद पेटू शकतात. जळालेली हार्ड डिस्क वीज लावून तपासायची नाही. काजळी बसलेलं चित्र पुसायचं नाही. काजळी तेलकट असते, बोट लागलं की आत मुरते.

जास्त तापमानाला, म्हणजे १,२०० अंशांच्या वर भाजलेली भांडी आगीत बऱ्याचदा टिकतात, पण छप्पर कोसळून फुटूही शकतात. कमी तापमानाचं ग्लेझ मात्र पुन्हा वितळतं. बाईंनी एक वाडगा आणला होता. त्याच्या काठावर छपराचा खिळा चिकटून कायमचा भाजला गेला होता. त्या म्हणाल्या, “हा मी केलेला नाही.” आम्ही त्यात सौंदर्य वगैरे शोधायला गेलो नाही. अशा भांड्यात खायचं नाही, एवढं सांगितलं.

आता चाकाबद्दल. चाक घरच्या साध्या प्लगवर चालतं, पण विजेच्या मोठ्या भट्टीला २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन लागते. भाड्याच्या तात्पुरत्या घरात ती कोण ओढू देणार? भेट आलेलं चाक खोक्यातच राहतं आणि रोज टोचतं. त्यापेक्षा सामायिक स्टुडिओत एका कपाटाचं भाडं आणि २५ पौंडांची मातीची एक पिशवी पुरते. बाईंची अट होती, काही भाजायचं नाही. करायचं, मोडायचं, माती बादलीत परत. कित्येक आठवडे तसंच चाललं, आम्ही हरकत घेतली नाही.

तुमच्या बहिणीला डिप्रेशन आहे का, हे फोनवरून ठरत नाही. चिडणं हा आजार नव्हे. पण महिना उलटूनही झोप उडालेली असेल, धुराच्या वासानं किंवा सँता आना वारे (तिथले आग पसरवणारे कोरडे, जोराचे वारे) सुटले की आग पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, ती माणसं टाळत असेल, तर तिथल्या तज्ज्ञाकडून तपासणी हवी. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर अमेरिकेत ९८८ हा मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो. ‘त्या रात्री काय झालं ते सांग’ असा आग्रह मात्र धरू नका.

तुम्हाला पुण्यात बसून करता येईल असं एक काम आहे. तुमच्याकडे आणि नातेवाइकांकडे तिच्या हातच्या ज्या वस्तू असतील त्यांचे फोटो काढा : समोरून, बाजूनं, बुडाची सही. उंची, व्यास आणि कधी मिळाली ते वर्ष लिहा, आणि पाठवून द्या. ‘परत पाठवू का’ हे मात्र तिनं विषय काढल्याशिवाय विचारू नका.