कोजागिरीला गच्चीवर बारा माणसं जेवायला बोलवायचीत, सोपं काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरी करता, कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दहा-बारा जणांना बोलवायचंय, ऑक्टोबरचा उकाडा आहे, फार वेळ गॅससमोर उभं राहायचं नाहीये आणि दरवेळची पावभाजी पण नकोय. मी पुण्यात राहते, आमच्याकडे गेली सात-आठ वर्षं कोजागिरी गच्चीवरच होते, त्यामुळे जे करून बघितलंय आणि खरंच जमलंय तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी, तळण करू नका. पहिल्या वर्षी मी बटाटेवडे केले होते. घर दुसऱ्या मजल्यावर, गच्ची पाचव्यावर, आणि मी खाली घाण्यामागून घाणे काढतीये, नवरा ताटं घेऊन वर-खाली करतोय, वरून हसण्याचा आवाज येतोय. मी हात धुऊन वर गेले तेव्हा चंद्र डोक्यावर आला होता, मुलं पेंगुळली होती आणि दोन घरं तर निघायच्या तयारीत होती. एकाशीसुद्धा धड बोलणं झालं नाही. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी, कारण बोलावलं होतं ते भेटायला, वडे खायला घालायला नाही. तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय, पहिला पाहुणा आला की गॅस बंद. दूध सुद्धा आधीच आटवून तयार ठेवायचं.

आता काय करायचं ते. या दिवसांत पाऊस संपत आलेला असतो, आभाळ मोकळं होतं आणि ऊन एकदम चटका देतं, म्हणून तर शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणतात, पित्त खवळतं, दवाखाने भरतात. त्यात कोजागिरीला जेवण रात्री उशिरा आणि त्यावर आटीव दूध, म्हणजे जेवण तिखट-तेलकट असेल तर दुसऱ्या दिवशी निम्मे लोक डोकं धरून बसतात. मी स्वतः पित्तवाली आहे म्हणून हे कळकळीने सांगतीये. जेवण हलकं ठेवा, दूध भारी होऊ द्या.

आमचा मेनू गेली चार-पाच वर्षं एकच आहे. आल्या आल्या उकडलेल्या ओल्या शेंगा, मग मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि लाल भोपळ्याचं भरीत, पापड भाजलेले, आणि मग बराच वेळ गप्पा-गाणी-पत्ते झाल्यावर दूध. बस. ऐकायला साधं वाटतं, पण दरवर्षी लोक आधी विचारतात की शेंगा आहेत ना.

शेंगांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मजा तिथेच आहे. खरिपाचा भुईमूग याच सुमाराला निघतो, मंडईत मातीसकट ओल्या शेंगांचे ढीग लागलेले असतात. बारा जणांना दोन किलो घ्या, जास्त वाटतील पण उरत नाहीत. घेताना एखादी फोडून बघा, दाणा भरलेला आणि गुलाबी असला पाहिजे, नुसतं पाणी असलेला चिमुकला दाणा असेल तर त्या शेंगा कोवळ्या, उकडल्यावर काही हाताला लागत नाही. घरी आणल्या की बादलीत अर्धा तास भिजत घालायच्या, मग दोन्ही हातांनी चोळून चोळून धुवायच्या, पाणी तीन-चार वेळा तरी बदलावं लागतं, पहिलं पाणी अगदी चहासारखं निघतं. मग कुकरमध्ये शेंगा बुडतील एवढं पाणी, मीठ सढळ हाताने (सालातून आत जायचं असतं म्हणून नेहमीपेक्षा बरंच जास्त), तीन-चार शिट्ट्या. आणि शिजल्यावर लगेच उपसायच्या नाहीत, त्याच खारट पाण्यात तासभर तरी पडू द्यायच्या. शेंग दाबली की आतून जे खारट पाणी तोंडात येतं ना, ते या तासाभरामुळे येतं. हे काम दुपारी उरकून टाकायचं, कोमट-गार कशाही छान लागतात.

गच्चीवर सतरंजीच्या मध्ये वर्तमानपत्रं पसरायची, त्यावर शेंगांचा ढीग ओतायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. प्लेटा नाहीत, चमचे नाहीत. सोलायला हात गुंतलेले असले की फोन आपोआप बाजूला राहतात, आणि एकमेकांना न ओळखणारी माणसं पण पाच मिनिटांत बोलायला लागतात. आमच्या ऑफिसमधला एक नवीन मुलगा, विदर्भातला, वर्षभर कोणाशी फार बोलला नव्हता, तो शेंगा सोलता सोलता त्यांच्या गावच्या कोजागिरीबद्दल तासभर सांगत होता. टेबलखुर्चीवर असं होत नाही हे माझं पक्कं मत आहे.

खिचडीचं माप. बारा जणांना, शेंगा पोटात गेलेल्या असतात हे धरून, चार वाट्या तांदूळ आणि दोन वाट्या मुगाची डाळ (आमटीची वाटी, साधारण दीडशे मिली). पाच लिटरच्या कुकरमध्ये एकदम करायला जाऊ नका, डाळ-तांदूळ फुगतात, फेस येतो आणि शिट्टीतून सगळं बाहेर येतं, कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. मी शेजारून एक कुकर आणते आणि दोन्हीत अर्धं अर्धं लावते. तुपात जिरं, हिंग, चार-पाच मिरे, कढीपत्ता, किसलेलं आलं, हळद, त्यावर धुतलेले डाळ-तांदूळ परतायचे आणि एका कुकरमधल्या तीन वाट्यांना नऊ-दहा वाट्या गरम पाणी. लाल तिखट, गरम मसाला काही नाही. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि तूप ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचं. खिचडी वर नेईपर्यंत आळते, म्हणून थर्मासमध्ये कढत पाणी बरोबर न्या, वाढायच्या आधी ओतून हलवलं की परत सैल होते.

भरीत तर अगदीच सोपं. किलोभर लाल भोपळ्याच्या सालासकट मोठ्या फोडी, कुकरच्या डब्यात पाणी न घालता दोन शिट्ट्या, साल सुटून येतं, गर काट्याने जाडसर मोडायचा, मीठ, चिमूटभर साखर, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. दही बहुतेक जण घालतात, मी या दिवशी घालत नाही कारण रात्रीची वेळ, शरद ऋतूत दही नको असं सासूबाई म्हणतात आणि त्यावर दूध प्यायचंय. अर्धं लिंबू पुरतं. हे सकाळी ऑफिसला जायच्या आधी करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, फोडणी तेवढी संध्याकाळी द्या.

आता दूध. बारा जणांना तीन लिटर फुल क्रीम दूध, म्हणजे सहा टक्के फॅटवालं, ते आटून सव्वादोन लिटर झालं की बारा कप व्यवस्थित होतात. पातेलं पसरट आणि जाड बुडाचं घ्या, आधी त्यात थोडं पाणी फिरवून टाका आणि मग दूध ओता, बुडाला कमी लागतं. उकळी आली की गॅस मध्यम, पाऊणएक तास लागतो, पण पूर्ण वेळ उभं राहायची गरज नाही, दर तीन-चार मिनिटांनी येऊन बुडापासून ढवळायचं आणि कडेला चिकटलेली साय खरवडून परत दुधात सोडायची. ती साय फेकू नका, दाटपणा आणि चव त्यातच असते. साखर शेवटी, दोनशे ग्रॅमच्या आसपास, आधी घातली तर दूध खाली लागायला लागतं. वेलदोडे दहा-बारा, जायफळ अगदी थोडं किसून, पंचवीसेक बदाम-पिस्त्यांची जाडसर भरड, चारोळी, आणि वीस-पंचवीस केशराच्या काड्या वाटीभर कोमट दुधात आधी भिजवलेल्या. तयार मसाल्याची पाकिटं मिळतात पण घरी भरड करायला मिक्सरमध्ये दहा सेकंद लागतात, त्यासाठी पाकीट आणू नका.

दुधाच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झालेली आहे ती सांगते. एका वर्षी संध्याकाळी गर्दी होईल म्हणून दुपारीच पिशव्या घेतल्या आणि स्कूटरच्या डिकीत ठेवून परत ऑफिसात गेले. तीन तास, ऑक्टोबरचं ऊन, काळी सीट. घरी येऊन तापवलं तर तीनच्या तीन लिटर दूध फाटलं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा, आणि पाहुणे यायला एक तास. रडूच आलं. तळमजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या घरातलं लिटरभर दिलं, तेच अर्धा अर्धा कप सगळ्यांनी प्यायलं, आणि तो चोथा गाळून साखर घालून परतला, त्याच्या वड्या झाल्या. तेव्हापासून दूध घेतलं की आधी फ्रिज, आणि जरा जरी शंका असेल तर पळीत दोन चमचे तापवून बघते, फाटायचं असेल तर तिथेच कळतं.

दूध वर नेल्यावर चंद्रप्रकाशात ठेवायचं तर पातेल्यावर पातळ मलमलचं फडकं बांधा आणि गच्चीचा दिवा बंद करा. या दिवसांत दिव्यावर किडे फार येतात. आणि पौर्णिमेला गच्चीवर दिव्याची गरज नसतेच, डोळे सरावले की वाढायला पुरेसं दिसतं, खिचडीवर सांडलेलं तूप सुद्धा चमकतं. दूध आम्ही बाराच्या सुमाराला घेतो, म्हणजे जेवणानंतर दोन-अडीच तास जातात, तेवढं अंतर पाहिजेच.

काही गोष्टी पाहुण्यांना आधी विचारून घ्या. २०२३ ला २८ ऑक्टोबरला कोजागिरी आणि खंडग्रास चंद्रग्रहण एकाच रात्री आलं होतं, आमच्यातली दोन घरं वेध पाळणारी निघाली, तर आम्ही सगळा कार्यक्रम आदल्या रात्रीवर आणला, चंद्र जवळजवळ पूर्णच होता आणि कोणाची अडचण झाली नाही. दुसरं म्हणजे, बऱ्याच घरांत या दिवशी मोठ्या मुलाला किंवा मुलीला ओवाळतात. ज्यांचे आईवडील गावाला आहेत अशी मुलं तुमच्याकडे येणार असतील तर निरांजन आणि कुंकू वर ठेवा आणि जी जी घरातली थोरली आहेत त्यांना ओवाळा. त्या विदर्भातल्या मुलाला सासूबाईंनी ओवाळलं तेव्हा त्याने तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

आणि परतीच्या पावसाचा भरवसा धरू नका, कोजागिरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर हॉलमधलं फर्निचर आधीच भिंतीला लावून ठेवा, हाच मेनू खाली जमिनीवर बसून तसाच्या तसा होतो. पाऊस नसला तरी मध्यरात्रीनंतर दव पडतं, सतरंजी ओली लागायला लागते, तर एक जाड चादर जास्तीची न्या. पेले घरून आणायला सांगा, कागदी कपात गरम दुधाला कागदाचा वास येतो. उरलेली खिचडी सकाळी थोडी कणिक घालून थापा, डब्याला थालीपीठं होतात. शेंगांची सालं मात्र त्याच रात्री गोळा करून खाली आणा, सकाळपर्यंत मुंग्या लागतात आणि मग सोसायटी पुढच्या वर्षी गच्चीची किल्ली देत नाही.