पुण्याचा दाब ७६० नसतो

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बारावी झाली, खो-खो जिल्ह्यापर्यंत खेळलीस, आणि आता फिजिओथेरपी की एक्सरसाइज फिजिऑलॉजी यावरून घरात दोन तट पडलेत. आई फिजिओच्या बाजूने आहे, कारण तिला दवाखान्याची पाटी दिसते. तिचं काही चूक नाही. आपल्या विषयाला, म्हणजे एक्सरसाइज फिजिऑलॉजीला, पाटी नाहीच. फिजिओ दुखावलेला गुडघा पुन्हा कामाला लावतो. आपण माणूस पळायला लागला की त्याच्या हृदयात, फुप्फुसात, स्नायूंत काय होतं आणि सहा महिने नेमाने पळाला तर त्यात काय बदलतं, हे मोजतो. त्या मोजण्याबद्दलच तुला सांगायचंय. बाकीचं प्रॉस्पेक्टसमध्ये मिळेल.

व्हीओटू मॅक्स हा शब्द तू ऐकला असशील, तुझ्या दादाच्या घड्याळातही दिसतो. खरी टेस्ट अशी: ट्रेडमिलवर पळायचं, तोंडावर मास्क, वेग आणि चढ वाढवत न्यायचे, आणि शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते बघायचं. यंत्र हवेचं आकारमान मोजतं, आणि आकारमान दाबाप्रमाणे बदलतं. म्हणून सगळा हिशेब प्रमाण दाबाला, म्हणजे पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरला आणावा लागतो. आता पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे खरा दाब ७१०च्या आसपास असतो. कुणी यंत्रात ७६० तसाच राहू दिला, तर जिचा खरा आकडा ४५ आहे (दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे इतके मिलिलिटर ऑक्सिजन) तिच्या रिपोर्टवर ४८ छापून येतो. तेवढा फरक पडायला खेळाडूला कित्येक आठवडे घाम गाळावा लागतो, इथे तो एका रकान्यात फुकट मिळाला. मोबाइलवरचं हवामान बघून दाब भरलास तर तीच गत, कारण तिथला आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. बालेवाडीत उभी राहून बघ, जवळजवळ मुंबईइतकाच दिसेल. हल्लीच्या यंत्रांत दाबमापक आतच असतो म्हणा. तो खरं बोलतोय की नाही हे बघायला माणूस लागतोच.

असल्या गोष्टींत तुला रस वाटला तर हा विषय तुझा. कंटाळा आला असेल तर आत्ताच सांग, फिजिओथेरपी उत्तम आहे.

मास्कचंच घे. लावल्यावर पुढचं तोंड तळहाताने बंद करायचं आणि समोरच्याला जोरात श्वास सोडायला सांगायचा. नाकाच्या दांड्यापाशी तुझ्या बोटाला वारा लागला की मास्क बदल, मग बाहेर कितीही खेळाडू खोळंबलेले असोत. स्नायू जोरात राबले की रक्तात लॅक्टेट वाढतं. ते मोजायला कानाच्या पाळीतून रक्त घेताना आधी घाम पूर्ण टिपायचा, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा. घामातही लॅक्टेट असतं. तो मिसळला की साधा जॉगिंग करणारा माणूस जीव तोडून पळाल्यासारखा दिसतो.

आणि गणित सोडू नकोस. बायॉलॉजी घेतली म्हणजे गणितातून सुटलो, असं तुमच्या पिढीला वाटतं (आमच्याही वाटायचं). ए. व्ही. हिल हा या विषयाच्या मूळपुरुषांपैकी एक. स्नायूंतल्या उष्णतेवरच्या कामासाठी त्याला १९२२चं नोबेल मिळालं. तो केंब्रिजला आधी गणित शिकला होता. ऑक्सिजन किती लागतो हे बघायला पाठीवर पिशवी घेऊन तो स्वतः गवतावर पळाला. दोन्ही गोष्टी लागतात, गणितही आणि पळणंही.

जिममध्ये जे ऐकशील ते घरी घेऊन येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे नव्हे. लॅक्टेट तास-दीड तासात खाली येतं, आणि हृदय व स्नायू ते इंधन म्हणून वापरतातसुद्धा. २२० वजा वय हे सूत्र तर भिंतीवर चिकटवलेलं असतं. विशीतल्या मुलीसाठी ते २०० सांगतं, पण प्रत्यक्षात एखादीचे ठोके १८८ला थांबतात, दुसरीचे २१०ला जातात, आणि दोघीही ठणठणीत असतात.

हे सगळं परदेशी वाटतंय का? मग केईएम हॉस्पिटलमध्ये काय झालं ते वाच. मुंबईचं नव्हे, आपल्या रास्ता पेठेतलं. तिथले मधुमेहाचे संशोधक डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यावर आपण बारीक, आतून नाही. असा माणूस सिंहगड चढायला लागला की त्याच्या साखरेचं काय होतं, स्नायू किती वाढतात, हे प्रश्न आपणच विचारायचे आहेत. खो-खोचंही तसंच. हा खेळ नियमांत बसवला गेला तो डेक्कन जिमखान्यावर. पाटीवर बसायचं, खो मिळाला की काही सेकंद झेपावायचं, पुन्हा बसायचं. त्यात ताकद कुठून येते, दम कुठे जातो, हे तुझ्यासारखी खेळलेली मुलगी जास्त चांगलं विचारेल.

पैशाचं स्पष्ट सांगते, आईला हे वाचून दाखव. नावातच एक्सरसाइज फिजिऑलॉजी असलेल्या पदव्या आपल्याकडे थोड्या. बहुतेक जण आडवाटेने येतात: फिजिओथेरपी, स्पोर्ट्स सायन्स किंवा फिजिऑलॉजीची पदवी, आणि मग मास्टर्स. म्हणून फिजिओला प्रवेश घेतलास तरी ही वाट बंद होत नाही, भांडण तिथेच मिटवा. पहिली नोकरी बहुधा एखाद्या अकादमीत किंवा हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात मिळते, आणि पगार सुरुवातीला बेताचाच असतो.

पुण्यात बघायला जागा आहेत. बालेवाडीला राज्याचं क्रीडा विद्यापीठ आहे, शिवाय शारीरिक शिक्षणाची आणि फिजिओची कॉलेजं आहेत. जाशील तिथे इमारत बघू नकोस, लॅब उघडून दाखवा म्हण. कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्र बरोबर मोजतंय का ते पडताळायच्या वायूचा, सिलिंडर शेवटचा कधी बदलला, ते विचार. हवेचं माप पडताळायची तीन लिटरची सिरिंज कुठे ठेवता, विचार. गेल्या महिन्यात विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने किती टेस्ट केल्या, ते शिक्षकांना नको, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचार. यंत्रावर प्लॅस्टिकचं कव्हर असेल आणि किल्ली शिपायाकडे असेल, तर फी भरायची घाई करू नकोस. शनिवारी दुपारी मला फोन कर, तुझी यादी घेऊन बसू.

तुझी,
मावशी